लाल पेन न लागलेला परिच्छेद

प्रिय शांतोबा,

हे पत्र मी ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय. बसले की उठावंसं वाटतं, आणि उठले की कशाला उठले तेच आठवत नाही. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार होऊन ओतून दिला. तू मला घाईबाई म्हणतोस ते काही उगाच नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू माझ्या दुसऱ्या वाक्यालाच ‘चालेल’ म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच आटोपतं. कागद मात्र तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाहीस. छापखान्यात प्रुफं तपासणं, पोटापाण्याचा धंदाच तो तुझा.

मास्टर्सच्या प्रवेशासाठी ते दोन पानी स्टेटमेंट लिहिताना माझी काय तारांबळ उडाली, ती तू पाहिलीच आहेस. मला हेच का शिकायचंय, हे कधी न भेटलेल्या माणसांना पटवायचं होतं. पहिल्या खेपेला मी ठोकून दिलं की मला लहानपणापासूनच कानांच्या शास्त्राची ओढ. आईने वाचलं आणि हसत सुटली, म्हणाली, हिचे कान धुवायचे तर धरायला दोन माणसं लागायची. दुसऱ्या खेपेला मी इतकी नम्र झाले की आमच्या हॉस्पिटलातल्या मॅडम म्हणाल्या, ही मुलगी माझ्याकडे आली तर मीसुद्धा प्रवेश देणार नाही. शेवटी वैतागून मी आमच्या तपासणीच्या खोलीबद्दल लिहिलं. काचेपलीकडे पेशंट हेडफोन लावून बसतो, अलीकडून मी बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. किती जण काहीच ऐकू न येता बोट वर करतात, तुला सांगितलंय मी. ते निवृत्त हेडमास्तर तर मी मशीन सुरू करण्याआधीच बोट वर करून बसले होते, नापास होण्याची भीती वाटत होती त्यांना. ऐकू येत नाही हे माणसं का लपवतात आणि लपवणाऱ्याला मदत कशी करायची, तेच मला शिकायचंय. हे सुचल्यावर उरलेलं सगळं एका बैठकीत झालं, शेवटच्या परिच्छेदासकट.

मग ते तुझ्याकडे आलं. हॉटेलात गेल्यावर मेन्यूकार्डातल्या चुका दुरुस्त केल्याशिवाय तुला घास गिळत नाही, तेव्हा माझी पानं सुटतील कशी? रविवारी ती परत आली तेव्हा तुझ्या लाल पेनाने पहिल्या पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. शेवटचा परिच्छेद तेवढा कोरा. मी मूर्खासारखी खूश झाले, म्हटलं, एवढं तरी बरं जमलं. नंतर मॅडमनी दाखवलं की पहिल्या पानावर मी अभ्यासक्रम दोन वर्षांचा लिहिलाय आणि शेवटी तीन वर्षांचा. असली चूक तू झोपेतही पकडशील. म्हणून तो परिच्छेद मी तुझ्या डोळ्यांनी पुन्हा वाचला. दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, असा त्यांचा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, लहानशा गावातलं हॉस्पिटल, तिथे माझं तपासणी केंद्र, वरच्या मजल्यावर माझी एकटीची खोली, खिडकीशी टेबल, आणि दिवसभर जे ऐकलं ते तिथे लिहून काढणारी मी. आपलं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि दहा वर्षांनंतरच्या त्या खोलीत तू नाहीस. तुझा पेन तिथे थांबला आणि त्यानंतर तुझा फोनही आला नाही.

तुला त्यात आणायचा मी प्रयत्न केला रे. ‘पतीच्या सहकार्याने’ असं लिहून पाहिलं, तर ते आभारप्रदर्शनासारखं वाटलं. मग खोली मोठी केली, तुझ्यासाठी दुसरं टेबल टाकलं, आणि मला तिथे गुदमरायला लागलं. तू वाईट असतास तर किती सोपं झालं असतं. माझ्या गुणपत्रिकांच्या प्रतींसाठी रजा टाकून रांगेत उभा राहिलास, तेही मला न सांगता. तू मला आवडतोस, आजही. पण ती एकटीची खोली लिहिताना जसा श्वास मोकळा झाला, तसा आपल्या लग्नाचा विचार करताना एकदाही झालेला नाही.

दुपारी स्टेटमेंट पाठवून दिलं. तिनाचे दोन केले, बाकी एक अक्षर बदललं नाही. म्हणून हे पत्र. मला हे लग्न करायचं नाही. तुझी आई आणि माझी आई उद्या हॉल पक्का करायला जाणार आहेत, त्याआधी आज संध्याकाळी मी दोघींना सांगणार आहे. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि परिच्छेदातून नाही, माझ्याकडून. माझे पेशंट ऐकू न येता बोट वर करतात. स्पष्ट ऐकू येऊनही हात मांडीवर ठेवून बसलेला तू पहिलाच. आता तरी ‘चालेल’ म्हणू नकोस. चीड, भांड, नाहीतर हे पत्र लाल करून परत पाठव. छापखान्याच्या खिडकीत हे ठेवून मी घरी येईन आणि फोनपाशी बसेन. खरंच बसेन, उठणार नाही.

हक्क उरला नाही, तरी सवयीने,
तुझीच,
घाईबाई