हिरवा कफ

३ ऑगस्ट १९७६, मंगळवार

आज पुन्हा हिरवा कफ! धनुर्वाताच्या खोलीतला हा तिसरा पेशंट. आधीचे दोघे धनुर्वातातून वाचत आले होते, पण छातीत पू झाला आणि गेले. आता चन्नप्पा. यंत्रमागावरचा तिशीतला गडी, पायात खिळा घुसल्याचं निमित्त. गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय. तिच्यातून दर अर्ध्या तासाला कफ ओढून काढावा लागतो. त्याला बोलता येत नाही. झटके येऊ नयेत म्हणून गुंगीत ठेवलाय.

माझ्या वॉर्डात हे व्हावं? बावीस वर्षं सिस्टर आहे मी. फरशीवर जेवायला वाढावं इतका लख्ख वॉर्ड ठेवते.

५ ऑगस्ट

ताप १०३. जेंटामायसिनचा तिसरा दिवस, उतार नाही. डॉ. कुंभोजकर म्हणाले, "यशोदाबाई, हे जंतू औषधाला भीक घालत नाहीत."

संध्याकाळी बघते तर त्याची बायको केराबाई पदरानं नळीभोवती पुसतेय. डोकंच फिरलं. त्याच्या उशाशीच बोलले — घाणेरडे हात तुझे, तूच मारतेयस नवऱ्याला, चालती हो! "निस्तं पुसलं की बाई, लई गळत हुतं," एवढंच म्हणाली. बाहेर काढलं. बरं केलं.

६ ऑगस्ट

केराबाई आवारात लिंबाखाली बसून आहे. दीर तिला टाकून बोलत होता. मी लक्ष दिलं नाही.

७ ऑगस्ट

लॅबचा शिवपुत्र नमुने न्यायला आला. नळाचं पाणी घेतलं, सगळ्यांचे हात तपासले — केराबाईचे, माझेसुद्धा. मग म्हणाला, "ती बाटलीपण द्या की सिस्टर." कफाची रबरी नळी आम्ही जंतुनाशकाच्या बाटलीत बुडवून ठेवतो, ती. मला हसू आलं. जंतुनाशकातच जंतू शोधतोय शहाणा. दिली.

१० ऑगस्ट

बाटलीतच आहेत.

केराबाईच्या हातांवर नाहीत. नळात नाहीत. चन्नप्पाच्या कफातले आणि बाटलीतले जंतू एकच.

ती बाटली मी भरते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पूर्ण रिकामी करून कधी उकळली नाही. पातळी खाली गेली की वरून भर घालायची, औषध महिनाभर पुरावं म्हणून पाणी जरा जास्तच. मेट्रननी या काटकसरीचं सगळ्यांपुढं कौतुक केलं होतं! शिवपुत्र म्हणाला, इतक्या पातळ औषधात नाजूक ते मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तिथंच वाढतात. म्हणजे मीच पोसले. नळीवाटे मीच त्याच्या छातीत सोडले. आणि ते आधीचे दोघे —

लिहवत नाही.

११ ऑगस्ट

बाटली फोडून टाकली. आता दर वेळी नुकतीच उकळलेली नळी. हे जंतू एकाच औषधाला मरतात म्हणे, ते पुण्याहून येतंय. डॉक्टर म्हणाले, "बाटलीचं बाहेर बोलू नका. दवाखान्याचं नाव जाईल."

केराबाईला सांगायला हवं. लिंबापर्यंत गेले आणि परत आले. भित्री आहे मी.

१३ ऑगस्ट

औषध आलं. पहिलं इंजेक्शन मीच दिलं. देवा, याला तरी जगव.

१७ ऑगस्ट

ताप ९९! कफ पांढरा. झटके थांबलेत. केराबाईला उद्या सांगते.

१९ ऑगस्ट

नाही जमलं.

२६ ऑगस्ट

नळी काढली. केराबाईला आत बोलावलं. दाराशी तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. आवाज फुटावा म्हणून मी चन्नप्पाच्या गळ्याच्या भोकावर कापूस दाबून धरला आणि तो महिन्याभरानं पहिल्यांदा बोलला, माझ्याकडं बघून — "तिला लांबच ठिवा बाई. तिचं हात घाण हायत. तुमीच म्हणला की."

तो गुंगीत आहे असं समजून बोलले होते मी. केराबाई मागं फिरली. मी अजून सांगितलेलं नाही.