ओसाकात बाई मुक्या झाल्या तो दिवस

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी हल्ली नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. सध्या लॉकडाऊन आहे. दुकानं बंद, लेकीची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. बाहेर जायचं नाही म्हणून आज तिला आपला ओसाकातला दिवस सांगत बसले. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं डचमध्ये देते.

पुण्यात तुमच्याकडे जपानी शिकले, आणि एका कारखान्याच्या इंजिनिअर मंडळींबरोबर ओसाकाला दुभाषी म्हणून जाताना तुम्ही मला मदतीला नेलंत. सुट्टीच्या दिवशी हॉटेलच्या दारातच म्हणालात, "आज मी मुकी. खरेदी, जेवण, सगळं तू बोलायचं." मला गंमत वाटली. पण तुम्ही खरंच गप्प. साडीवर लोकरीचा कोट, पायात बूट, चेहऱ्यावर काहीच न कळणाऱ्या पाहुणीचा भाव. भांड्यांच्या बाजारात तुम्हाला सुरी हवी होती. दुकानदार ओसाकाच्या हेलात भराभरा काहीतरी बोलला, वर्गात कधी न ऐकलेलं, आणि मी घाबरून काचेमागच्या सुरीकडे नुसतं बोट दाखवलं. तुम्ही माझा हात धरून खाली केलात. मराठीत, हळूच म्हणालात, "तोंड आहे ना तुला?" मग मी विचारलं, चुकले, पुन्हा विचारलं. भाजीला कुठली, धार कशी लावायची. त्याने सावकाश समजावलं आणि सुरी गुंडाळून दोन्ही हातांनी तुमच्यापुढे धरली.

खरी पंचाईत जेवणाची. तुम्ही शाकाहारी, आणि तिथे साध्या सारातही मासळीचा अर्क. एके ठिकाणी नाही म्हणाले, दुसरीकडेही तेच. शेवटी एका छोट्या खानावळीत आपण तव्यासमोर बसलोय. मी सांगतेय, मांस नको, मासा नको, मासळीचं पाणीसुद्धा नको. तव्यामागचे आजोबा वैतागून विचारतात, "मग खाणार काय?"

"कोबी आहे, अळंबी आहे, तवा आहे," मी म्हणते. "तवा धुऊन घ्या, मीठ घाला आणि परता."

ते हसले आणि त्यांनी तवा घासायला घेतला. जेवण होत आलं, तुम्ही सोबतच्या भाताचं शेवटचं शीत संपवलंत, जेवायच्या काड्या खाली ठेवल्यात आणि अस्खलित जपानीत म्हणालात, "फार छान झालं होतं. ही माझी विद्यार्थिनी." आजोबांचं उलथनं हातातच राहिलं. "म्हणजे तुम्हाला येत होतं?"

"मला येतंच. हिला येतं का, ते हिला कळायला हवं होतं."

गेल्या आठवड्यात माझी मुलाखत झाली, स्क्रीनवरच. एका कंपनीला जपानी ग्राहकांशी बोलणारं कुणीतरी हवंय. माझं डच जरा अडखळलं तशा समोरच्या बाई इंग्रजीत शिरल्या. इथे सगळे असंच करतात, चांगुलपणानेच. मी म्हटलं, "डचमध्येच बोलू या. चुकले तर सांगा." त्यांनी दोनदा सांगितलंही. काल फोन आला, नोकरी मिळाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, तरी जपानीत लिहायचं ठरवून बसले होते. दुसऱ्याच ओळीत आदरार्थी क्रियापदाशी अडले, कागद फाडला आणि मराठीत सुरुवात केली. बाकी कुणासमोर चुकायला मी आता घाबरत नाही, बाई. तुमच्यासमोर अजून घाबरते.