राजकन्येचा राहिलेला डाव

आई,

गेले बारा दिवस मी संध्याकाळच्या बातम्या पाहिलेल्या नाहीत. देशात काय चाललंय, सकाळी कोण कोणत्या पक्षात गेलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत आलं की नाही, यातलं मला काहीही ठाऊक नाही. कारण रोह्याच्या आमच्या घरातला एकुलता एक टीव्ही सध्या एका राजकन्येच्या ताब्यात आहे. विजेचं बिल माझ्या नावावर येतं, समोरच्या खुर्चीला माझ्या पाठीचा आकार आलाय, तरी सात वाजले की मला लसूण सोलायला स्वयंपाकघरात धाडलं जातं. या अन्यायाची दाद कुठे मागावी ते कळेना, म्हणून तुला लिहितोय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण सगळी तक्रार नीट ऐकून घेऊन शेवटी नुसतं "मग?" विचारणारं माणूस त्यानंतर मला भेटलेलं नाही.

ताबा घेणारी तुझी नात. तू तिला पाहिलं नाहीस, सोळाची झाली. ती जो व्हिडिओ गेम खेळते त्यात पूर्वी एक राजकन्या किल्ल्यात कोंडलेली असायची आणि राजपुत्र उड्या मारत तिला सोडवायला जायचा. आता नवीन आवृत्तीत राजपुत्राऐवजी राजकन्या घेऊन खेळता येते. त्यावरून पोरापोरींत भांडणं जुंपलीत, असं असावं की नसावं म्हणून. मी पडलो आठवड्याला एकदा वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढणारा माणूस. मला आयता विषय मिळाला. मी लिहिलं की राजकन्येच्या हातात तलवार दिली की तिचा राजपुत्रच होतो, फक्त झगा घातलेला; उद्या राक्षसही अर्ज करेल की मला नायक करा; आणि एवढं सगळं झाल्यावर सोडवायचं कुणाला, हा प्रश्न उरेल. लोकांना आवडलं. बँकेतल्या साहेबांनी थांबवून हात मिळवला. तुझ्या नातीनं लेख दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, जोक बरे आहेत. पण राजकन्येला कोणी विचारलं का, ती तिथे उभी राहून कंटाळली का ते?" मी म्हटलं, अगं, ती चित्रातली बाई, तिला काय विचारणार? आणि हे बोलताना मला एकदम तू आठवलीस, पेणच्या खोलीत, दारात उभी, कोपरापर्यंत पांढरी.

मी नववीत होतो. दिवाळीची सुट्टी. माझ्या वर्गमित्राच्या अब्बांनी दुबईहून गेम आणला होता आणि ते सगळे आठ दिवस मुरुडला मामाकडे जाणार म्हणून मित्रानं तो माझ्या हवाली केला होता, विश्वासानं, जसं कोणी कोंबड्या सांभाळायला देतं तसं. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. तू कारखान्यातून येतेस. दिवसभर गणपती घासून तुझ्या भुवयांवरसुद्धा प्लास्टरची भुकटी बसलीय. हातपाय धुवायच्या आधी तू टीव्हीकडे बघतेस.

"ही कोन रं, कोपऱ्यात?"

"राजकन्या."

"काय करते?"

"काय नाय. तिला सोडवायचं असतं."

"आनि सोडवली की?"

"गेम संपतो."

तू हसलीस. "म्हंजे तिचा चालू व्हायच्या आत संपतो." मग पदराला हात पुसत माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "दे मला एक डाव. मी ती बाई घेते." मी कपाळाला हात लावला. ती घेता येत नाही, आई, तशी सोयच नाही. "मग तो तलवारवाला तर तलवारवाला. दे." मी म्हणालो, उद्या. एकच रिमोट आहे, मी आता मोठ्या राक्षसापाशी आलोय, उद्या नक्की. तू उठलीस. "उद्या तर उद्या. पन ध्यानात ठेवीन हां." आत जाऊन तू सुकट भाजायला घेतलीस. दुसऱ्या दिवशी मित्र दोन दिवस आधीच परत आला आणि गेम घेऊन गेला. तो डाव राहिला तो राहिलाच.

पुढच्याच पावसाळ्यात कारखान्याचे मालक, ज्यांना अख्खी आळी काका म्हणायची, ते ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. ज्या हातानं हयातभर प्लास्टर घडवलं त्यालाच प्लास्टर. गणपती पंधरा दिवसांवर आलेले, आणि फळ्यांवर रांगेनं मूर्ती उभ्या, अंगावर शेला, कानात बाळ्या, फक्त डोळे कोरे. तुमच्या कारखान्याचा नियम होता: बायकांनी दाराशी खाली बसून घासायचं, फार तर सोवळ्याची किनार रंगवायची. डोळ्यांची आखणी मात्र आतल्या उंच स्टुलावर बसून काकांनीच करायची. असं का, ते कोणी विचारत नव्हतं. त्या पंधरा दिवसांत ते डोळे तू आखलेस. मी तुझा डबा घेऊन आलो होतो. दाराच्या फटीतून दिसलं. तू श्वास धरून एक रेघ ओढलीस, आणि मगाशी नुसता ठोकळा असलेला गणपती माझ्याकडे बघायला लागला. नंतर गिऱ्हाईकं म्हणायची, "काका, यंदा नजर लय मायेची आलीय हो." काका गळ्यातला हात सांभाळत मान डोलवायचे. मी तोंड उघडणार एवढ्यात तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. "गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. दहावी झाली, जूनमध्ये मुंबईला वसतिगृहात गेलो, मग नोकरी. पण ती चिमट्याची जागा मी जपून ठेवली. खरं सांगायचं तर मी तुला तेव्हापासून किल्ल्यात उभी करून ठेवली होती. अन्याय झालेली, मुकी, कोपऱ्यातली बाई. तुझ्यावर मी दोन लेख लिहिले, दोन्ही वाचून लोक रडले.

नातीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग चला ना, तो कारखाना बघू." तू गेल्यापासून आम्ही मूर्ती रोह्यातूनच आणतो, तुझ्या हयातीत तू ती आधीच घरी आणून ठेवायचीस आणि मी आदल्या दिवशी पोचून नुसता मोदक खायचो. कारखान्याच्या आत मी त्या वर्षानंतर पाऊल टाकलं नव्हतं. यंदा मूर्तीसाठी पाट पेणला द्यायचा, असं ठरवून ज्यावर तू मूर्ती आणायचीस तो तुझा जुना पाट चादरीत गुंडाळून आम्ही निघालो. नागोठण्यापर्यंत मी मनात भाषण तयार करत होतो. काकांना नातीच्या देखत कबूल करायला लावायचं, की ते डोळे तुझे होते. म्हणजे बघ, ज्या राजपुत्रावर मी लेखात कोट्या केल्या, तोच मी, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा, शेवटी तुला सोडवायला निघालो होतो.

काका नव्वदीला टेकलेत. दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. मला ओळखलं. "तू तिचा पोऱ्या ना? पेपरात लिवतोस तो. काय लिवतोस रे, डोक्यात जात नाय." मी पाट खाली ठेवला आणि भाषण सुरू केलं. काका, तुमचा हात मोडला होता त्या वर्षी...

"त्या वर्षी?" काका म्हणाले. "अरं, त्या वर्षापासनं पुढचे सगलेच तिनं आखले. तुला नाय सांगितलान तिनं?"

माझं भाषण तिथेच बसलं.

"प्लास्टर निघाला, मी स्टुलावर बसाय गेलो, तर ही उठंच ना. म्हनली, काका, हात बरा झाला, बेस झाला. आता तुमी गिऱ्हाईक बघा, डोले मी बघते. नायतर समोरच्या कारखान्यात स्टूल रिकामा हाय." काका हसता हसता खोकले. "वर दोन पोरी बाजूला बसवून घेतल्यान. शिकवीन म्हनली."

"आणि नाव, काका? बोर्डावर नाव तुमचंच की."

"विचारला होता ना मी. तुझा लिवू काय? तर म्हनली, बोर्ड बघून कोन पाया पडतो?"

हे तू खरंच म्हणालीस, की काकांच्या आठवणीनं त्यांच्या सोयीनं बोलून टाकलं, ते मला ठरवता येत नाही. बोर्डासाठी मी त्यांच्याशी अजूनही भांडेन. पण आत नजर गेली आणि भांडण तोंडातच राहिलं. स्टुलावर एक बाई बसली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, हातात बारीक कुंचला. तुझ्या दोन पोरींतली एक. तिनं रेघ पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही, मग नातीला म्हणाली, "तिची नात काय गो तू? ये. ही सोंड तुटलेली मूर्ती हाय, बिघडली तरी चालंल. आधी श्वास धर. तुझी आजी पाठीत धपाटा घालायची श्वास सोडला तर." आणि तुझी नात, जिला घरात पाच मिनिटं एका जागी बसवणं शक्य नाही, ती अर्धा तास तिथे बसली. तिनं काढलेला डोळा थोडा तिरका आलाय. चिडलेला गणपती दिसतो. ती तो घरी घेऊन आलीय.

परतीच्या वाटेवर कोलाडला वडापाव खाताना मला एक जुना फोन आठवला. वसतिगृहात, रांगेत उभं राहून घेतलेला. तू म्हणाली होतीस, "आता मी खाली बसत नाय रे. स्टुलावर बसते." आणि मी, हुशार मुलगा, मी समजलो तुझे गुडघे गेले. पुढच्याच आठवड्यात मी तुला बामच्या दोन बाटल्या पाठवल्या. तू त्या ठेवून घेतल्यास. शेजारच्या मावशींना एक देऊन टाकलीस, असं नंतर कळलं होतं. आई, तू मला केवढी मोठी बातमी दिली होतीस, आणि मी तुला बाम पाठवला. मी एवढा मोठ्यानं हसलो की नातीनं वडा बाजूला ठेवून विचारलं, काय झालं. सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे बाबा, तुम्ही सोडवायला पोचलात आणि किल्ला रिकामा!" हो. रिकामा. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता दोन लेख मात्र फुकट गेले.

माझ्या लेखातही एक चूक होती, ती मी पुढच्या आठवड्यात मान्य करणार आहे, अर्थात विनोदाच्या आडून. राजकन्येच्या हाती डाव आला म्हणून तिचा राजपुत्र होत नाही. नातीच्या गेममधली राजकन्या तलवार घेतच नाही. इतकी वर्षं त्याच किल्ल्यात काढल्यामुळे तिला सगळे चोरदरवाजे पाठ असतात. राजपुत्र जिथे भिंतीवर डोकं आपटतो तिथून ती पडदा सारून निघून जाते. मूर्तीत काकांची नजर तू कधी आखलीच नाहीस, आखलीस ती तुझी. लोकांना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं, फक्त कोणाची ते माहीत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुझ्या पाटाच्या चादरीत ठेवीन. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय घडी घालवत नाही. त्या दिवाळीत मी तुला म्हणालो होतो की रिमोट एकच आहे. रिमोट दोन होते. दुसरा माझ्या दप्तरात होता, भूगोलाच्या वहीखाली. तू मागशील म्हणूनच मी तो तिथे ठेवला होता.

आज रविवार आहे. जेवणं झालीत. नात शेजारी बसलीय आणि माझ्या हातात रिमोट आहे. पडद्यावर विचारलंय, कोणाला घेणार, आणि खाली खेळणाऱ्याचं नाव लिहायला जागा आहे. मी राजकन्या घेतली. जागेत 'आई' लिहिलं. पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलो. नात म्हणाली, "आजी बरी खेळली असती. श्वास धरा, बाबा."

धरलाय.