खिडकीतली हवा

प्रिय ब्रिन्या,

आज रेक्याविकला बारा अंश आहे आणि अख्खं गाव गवतावर पसरलंय. शेजारची हेड्डा सकाळपासून दंड उघडे टाकून अंगणात बसलीये, आणि आइस्क्रीमच्या दुकानापुढे ही रांग. वेलिंग्टनलाही आज बाराच, बाबांनी मघाशी फोनवर बघून सांगितलं. आमचा भर उन्हाळा आणि तुमचा हिवाळा यांचा आकडा एकच निघावा याची त्यांना अजून गंमत वाटते. घड्याळाचंही तसंच, इथे सकाळचे नऊ तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे नऊ. तू तिकडे गेलीस तेव्हा मी याच आकड्यांवर मनाची समजूत घातली होती. वारा दोन्हीकडे माणसाला आडवा पाडणारा, समुद्र दोन्हीकडे रस्त्याच्या टोकाला. म्हटलं, पोरगी जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी आपल्याच हवेत गेली.

फरक नंतर कळत गेले. इथे जमिनीतलं गरम पाणी घरभर फिरतं, म्हणून आपण जानेवारीतही खिडकी उघडी टाकून झोपतो. तू तिथल्या पहिल्या जुलैत तेच केलंस, आणि तुझा नवरा, कॅलम, रजई गुंडाळून उभा राहिला, "बाईसाहेब, आपण अख्खं वेलिंग्टन तापवतोय का?" ते मला सांगताना तुम्ही दोघं किती हसत होतात. आणि यंदाच्या मे महिन्यातला तो रविवार, कारी जेमतेम महिन्याचा असेल. तू म्हणालीस, दक्षिणेचा वारा सुटलाय, तर बाबा मागून ओरडले, "मग घरात काय कोंडलंयस पोराला? काढ बाहेर, झोपू दे ताणून!" त्यावर तू, "बाबा, इथे दक्षिणेला बर्फ आहे. ऊब उत्तरेकडून येते. जन्म काढलात ना समुद्रावर?" बाबांचा चेहरा पडला आणि तू खदखदा हसलीस. ते हसणं मी अजून कानात धरून ठेवलंय, कारण त्यानंतर ते ऐकलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, वारा पडलेला बघून, तू कारीला बाबागाडीत घालून पायऱ्यांपाशी झोपवलंस. अंगावर लोकरीचे दोन थर, नाक तेवढं बाहेर, जसे आपण सगळेच बाहेरच्या हवेत झोपून वाढलो. तोच शेजारची डोरीन धावत आली, "अगं, बाळ बाहेर विसरलीस की काय!" तू समजावलंस तर म्हणाली, "आमच्याकडे या थंडीत मांजरसुद्धा बाहेर ठेवत नाहीत, बाळा." दोन दिवसांनी तान्ह्या बाळांची विचारपूस करणारी नर्स आली. भली बाई, चहा पिऊन गेली, पण जाताना म्हणाली की आम्हाला या बाळाबद्दल कुणाचा तरी फोन आला होता. हे तू मला गंमत म्हणून सांगायला घेतलंस आणि मध्येच थांबून विचारलंस, "आई, तिकडे काय हवा?"

तेव्हापासून दर रविवारी मीही तेच विचारते आणि तू म्हणतेस, "खिडकीतली हवा." आपल्याकडचा लाडका शब्द. काचेतून बघायला ऊन झकास, आणि पाऊल बाहेर टाकलं की हाडं गोठतात. पहिल्यांदा मला बरं वाटलं, तिकडे राहूनही तुझ्या तोंडी तो शब्द आहे म्हणून. सलग चौथ्या रविवारी तू तेच म्हणालीस. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "आल्दिस, तिकडे आठवडाभर ढग आणि पाऊस आहे. ही कुठलं ऊन बघतेय?" मी म्हणाले, डोंगराळ गाव आहे, एका उतारावर पाऊस असेल आणि दुसऱ्यावर ऊन. ते म्हणाले, "पडदे तरी उघडते का ती?" मी त्यांच्यावर खेकसले. माझ्याही मनात तेच आलं होतं.

आणि परवा, भांडी विसळता विसळता, सहज बोलावं तसं तू म्हणालीस, "कारी कॅलमजवळच बरा राहतो. माझ्यापासून लांब असला की सुरक्षित असतो." लगेच पावसाचं काहीतरी बोललीस. मीही पावसाचं बोलले. ब्रिन्या, ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

तू नोव्हेंबरात झालीस. बाबा महिना महिना समुद्रावर. सकाळी उशिरा कधीतरी उजाडायचं आणि चारच्या आत दिवस संपायचा. मी तुला बाबागाडीत घालून बाहेर ठेवायचे आणि आत काचेशी बसून राहायचे. लोकांना वाटायचं, काय शिस्तीची आई आहे, मुलीला मोकळी हवा देते. मला वाटायचं, ती थंडीत आहे तेच बरं, माझ्याजवळ असण्यापेक्षा. मला झोप लागत नव्हती. मला तू माझी वाटत नव्हतीस. मला माझ्याच हातांची भीती वाटायची. तुझी आजी म्हणायची, "अंधाराचं दुखणं आहे गं, फेब्रुवारीत पळेल." फेब्रुवारी आला. एप्रिलही आला, ऊन टेबलावर येऊन बसलं, आणि मी तशीच. आता हवामानाला बोल लावायचीही सोय उरली नाही. मे महिन्यात बाबा एका फेरीहून परतले, तेव्हा त्यांच्या अंगावरचा कोट उतरायच्या आत मी हे सगळं बोलून टाकलं. त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. औषध घेतलं, बोलत राहिले, आणि सप्टेंबरपर्यंत मी तुला कुशीत घेऊन झोपू लागले.

मी गुरुवारी निघतेय, शनिवारी पोचेन. विमानतळावर येऊ नकोस, घर आवरू नकोस. पण शनिवारपर्यंतचे दिवससुद्धा मला फार वाटतात, म्हणून बाबा आत्ताच या पानांचे फोटो काढून पाठवताहेत. फोनवर आपण दोघी पुन्हा वाऱ्यापावसावरच गेलो असतो. आणि पत्र लिहायला आणखी एक कारण आहे. कॅलमला आपली भाषा येत नाही. आज तो घरी आला की त्याला समोर बसव आणि तो नोव्हेंबरचा परिच्छेद त्याच्या भाषेत वाचून दाखव, माझी गोष्ट म्हणून. त्यात जागोजागी 'मला' आहे. वाचता वाचता तो शब्द तुझ्या तोंडून निघेल. तो शब्द तुझ्यापुरता खरा वाटला तर तिथेच थांब, आणि त्याला सांग, की आता हे आई बोलत नाहीये.

तुझीच,
आई