झोपलेल्या राजकन्येची पेटी

गोळीबार चौक, नागपूर
फेब्रुवारी १९७९

प्रिय शशी,

तू मले पाहिलं नाही, पण मी तुले लय वर्षांपासून ओळखतो. मी प्रेमिलाची आई, बायजाबाई. तुझी चिठ्ठी आली का ती मोठ्यानं वाचते अन् मी रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता ऐकतो, म्हणून तुमच्या घरची शेळी केव्हा व्याली तेही मले ठाऊक आहे. हे पत्र मी माझ्याच हातानं लिहून राहिली. शाळा चौथीपर्यंत, तीही मधून मधून, तेव्हा वेलांटी इकडची तिकडं झाली तर हसू नको. हसली तरी मले इथं काय दिसते! प्रेमिला शिवणाच्या क्लासले गेली आहे. तिचे बाबा लुगडं विणायले मागावर बसले आहेत, अन् एकदा माग सुरू झाला का घरात कोण काय करते याचा त्यायले पत्ता नसतो.

मले गोल गोल बोलता येत नाही. येत्या रविवारी भंडाऱ्याचे पाहुणे साक्षगंधाची तारीख धरायले येऊन राहिले. पोरगा तिच्या काकानं आणला, नानाजीनं. विजेच्या ऑफिसात आहे, नाकीडोळी बरा, चहा पिताना फुर्र आवाज करत नाही. मी दोष काढायले बसली तरी सापडत नाही. अन् आमची प्रेमिला हो म्हणत नाही का नाही म्हणत नाही. विचारलं का म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. आता जी पोट्टी पाळण्यातून उतरल्यापासून मी म्हणाली त्याच्या उलटच करत आली, ती असं बोलते, तर मले घरात साप शिरल्यासारखं वाटते. तू तिची इतकी जुनी मैत्रीण. तिच्या मनात काय आहे तुले माहीत असंल. सांग वं.

पण त्याच्या आधी मले दुसरंच एक विचारायचं आहे, ते माझ्या डोक्यात कधीचं अडकून बसलं आहे. तुम्हा दोघींले जगात जमवायले ही झोपलेली राजकन्याच काहून सापडली? लोक तिकिटं जमवतात, नाणे जमवतात, ते समजते. प्रेमिला शाळेत होती तेव्हा तिच्या बाईनं तिले एक रंगीत कार्ड दिलं होतं. पलंग, पडदे, अन् जमिनीपर्यंत केस सोडून झोपलेली गोरी पोरगी. गोष्टही सांगितली, का कोण्या म्हातारीच्या शापानं राजकन्येच्या बोटाले रहाटाची चाती टोचली अन् ती शंभर वर्षं झोपली, सारा राजवाडा झोपला, चुलीवरची भाजीसुद्धा. प्रेमिलानं घरी येऊन मले सांगितली तर मी इतकी हसली का सूत तुटलं. मी म्हटलं, अवं, चातीनं बोट टोचून बाई झोपत असती तर आपला अख्खा गोळीबार चौक घोरत पडला असता. माझ्या बोटाले रोज टोचते, मले तर दुपारची डुलकीही भेटत नाही. तिले राग आला. मले वाटलं, झालं, विसरली. कुठची विसरते!

त्यानंतर तिनं जे सुरू केलं ते मी डोळ्यानं पाहिलं म्हणून खरं मानतो. इतवारीत कापडाच्या दुकानापुढं उभी राहून थानावरचे कागदी छाप मागायची. रद्दीवाल्याच्या ढिगात बसून साहेबलोकांचे जुने कार्ड शोधायची. गांधीबागेतल्या गादीवाल्यानं एका साली कॅलेंडरवर झोपलेली राजकन्या छापली, तर ही डिसेंबर सरायच्या आधीच त्याच्या दारात, जुनं झालं का द्या म्हणून. तो म्हणे, पोरी, वर्ष तर संपू दे! बिस्किटाच्या डब्याचं झाकण, केसांच्या तेलाचं लेबल, काडीपेटी, काहीही चाले, फक्त त्यावरची बाई झोपलेली पाहिजे. एकदा उशीच्या जाहिरातीतला झोपलेला बुवा उचलून आणला होता. तिले म्हटलं, याले मिशा आहेत. तर म्हणते, पडदे तेच आहेत. मग स्वतःच करायले लागली. चिंध्यांच्या बाहुल्या, आमच्या मागावरच्या उरलेल्या सुताचे केस लावलेल्या. उशीच्या अभ्र्यावर कशिदा भरला. दिवाळीले दारात रांगोळी काढली, तर पाहुणे राजकन्येच्या पोटावर पाय देतील म्हणून भिंतीले चिकटून चालत होते. तान्ह्या पोळ्याले तिनं शेजारची लहान पोट्टी सजवली. बाकीचे पोट्टे आपले लाकडी बैल ओढत राहिले. ही म्हणे, राजकन्या बैल कशाले ओढील? हातठेल्यावर गादी टाकली, पोट्टीले निजवली, पुढं बैल बांधला. त्या ढोलताशात ते लेकरू खरंच झोपलं! पहिला नंबर आला, बक्षिसाचा डबा द्यायले बोलावलं, पण राजकन्या काही उठंना. तिच्या मायनं घेतला डबा.

अन् मग तू आली. पेपरात लेकरांच्या पानावर छंद असणाऱ्यांची नावं छापून यायची, त्यात प्रेमिलानं आपलं छापवलं, का झोपलेल्या राजकन्येची चित्रं जमवते, अदलाबदल करेन. सगळ्या मुलखातून एकच चिठ्ठी आली, काटोलहून. माझ्याजवळ दोन आहेत, एक पाठवतो. खाली नुसतं शशी, आडनाव नाही. त्या दिवशी पोट्टी अशी नाचली का मागावरचे बाबा थांबले. पुढं पुढं तू चित्रं पाठवायचं सोडून स्वतःच काढायले लागली, संत्र्याच्या खोक्याच्या फळीवर, ऑइलपेंटनं. मी धरून चालली का तुझ्या बापाचं रंगाचं दुकान असंल. एका फळीवर तू राजवाड्याभोवती काट्यांच्या जागी संत्र्याची बाग काढली, ती मले आवडली. कोवळे संत्रे बरोबर लिंबाएवढेच होते. पण तेव्हाही मी प्रेमिलाले विचारलं, अन् तुलेही विचारतो, का बावा, ही उठल्यावर काय करते? शंभर वर्षं झोपली, उठली, मग? भूक लागली का? तोंड धुतलं का? त्याचं चित्र काहून कोणी काढत नाही? प्रेमिला म्हणाली, माय, गोष्ट तिथंच संपते. मी म्हटलं, गोष्ट संपत असंल, बाईचं काम तिथूनच सुरू होते.

आता ऐक. मागच्या पोळ्याच्या नंतरची गोष्ट आहे. प्रेमिला तुझी चिठ्ठी वाचून राहिली होती. वाचता वाचता तिच्या तोंडून निघालं, "तुझ्या फळीसाठी निळा रंग पाहायले मी नागपूरले गेलतो." तिथं ती अडकली. खोकली. अन् म्हणाली, "गेलती."

आमच्याकडं बाईमाणूसही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणते. मीही या पत्रात वरपासून तसंच लिहून राहिली, पाहून घे. म्हणून तुझं 'पाठवतो' अन् 'ठेवतो' ऐकून मले कधी शंका आली नाही. पण गेल्या-आल्याची गोष्ट निघाली का बाई 'गेलती' म्हणते अन् बाप्या 'गेलतो'. म्हणजे इतकी वर्षं माझी पोरगी चिठ्ठी वाचता वाचता तुले लुगडं नेसवत होती! मी कांडी भरत राहिली. दुसऱ्या दिवशी नत्थूले दारात धरलं. नत्थू आमच्या शेजारचा, काटोलच्या एसटीवर कंडक्टर, तुझ्या फळ्या तोच आणून देते. मी सहज विचारलं का नत्थू, ती शशी दिसायले कशी आहे रे? तो म्हणाला, काकू, मिशा चांगल्या आहेत.

तर बाबू, इथून पुढं बाईले म्हणतात ते वं बंद. आता बाप्याले म्हणतात ते गा. वर मी मुद्दाम वं लिहिलं. म्हटलं, जे आम्ही इतकी वर्षं ऐकलं ते यानंही थोडं ऐकावं.

नत्थूपासून मी बाकीचंही काढून घेतलं. मंडीजवळ तुझी पाट्या रंगवायची खोली आहे, घरी म्हातारी आई आहे, लग्न झालं नाही, विडी ओढत नाही. जातही विचारली. विचारणार नाही असं ढोंग मले जमत नाही गा. आमची नाही. नानाजी तांडव करील, भंडाऱ्याच्या लोकांपुढं माझं नाक कापलं म्हणंल. प्रेमिलाचे बाबा माग बंद करून भिंतीकडं तोंड करून निजतील, जेवणार नाहीत. पण त्यायले बंद माग जास्त दिवस पाहवत नाही, उठून बसतील. अन् नानाजीचं तोंड कसं बंद करायचं ते मले त्याच्या लग्नापासून माहीत आहे. तुले ती काळजी नको.

मले राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी तेव्हापासून गप बसून पाहून राहिली का हे दोघं आता काय करतात. काहीच करत नाहीत! ती झोपलेली काढते, तू झोपलेली काढतो. ती तुले बाहुली पाठवते, तू तिले फळी पाठवतो. नागपूरले रंग घ्यायले आला, अन् आमच्या चौकात पाय टाकला नाही. तुम्हाले खरंच शंभर वर्षं थांबायची हौस आहे का? भंडाऱ्याचा पोरगा थांबणार नाही, त्याले मार्चमध्ये बदली आहे.

परवा झाडताना तुझी शेवटची फळी सापडली. प्रेमिलानं ती खाटेमागं भिंतीकडं तोंड करून ठेवली होती, मले दाखवली नव्हती. मी उलटी केली अन् झाडू हातातच राहिला. राजकन्या उठून बसली आहे. वेणी घातली आहे, बोटाले चिंधी गुंडाळली आहे, अन् रहाटावर कांड्या भरून राहिली आहे. तिचं तोंड आमच्या प्रेमिलाचं. अन् दारात कमरेवर हात ठेवून एक बाई उभी आहे, तोंड उघडं, काहीतरी बोलून राहिली. ती मी आहे! नाक लय मोठं काढलं, ते समोरासमोर बोलू. पण गा, मी चातीवरून हसली होती, उठल्यावर काय करते म्हणून डोकं खाल्लं होतं, ते सगळं पोट्टीनं तुले कळवलं अन् तू ते नीट ठेवलं. माझं बोलणं या घरात कोणी इतकं ध्यानात ठेवत नाही. मी त्या फळीसमोर किती वेळ बसली होती कोणास ठाऊक, भात खाली लागला.

तेव्हा मी तिचा अभ्राही काढून पाहिला, जो ती या महिन्यात भरून राहिली होती. त्यावरही राजकन्या, पण या खेपेले डोळे उघडे. म्हणजे एक उघडा. दुसऱ्याची नुसती पेन्सिलची रेघ आहे, सुई तिथंच खोचलेली. नानाजी ज्या दिवशी भंडाऱ्याचं स्थळ घेऊन आला, तेव्हापासून तिनं तो हातात घेतला नाही.

अन् काल सकाळी मले म्हणते, माय, ही लोखंडी पेटी नत्थूदादाजवळ काटोलले पाठवून दे. शशीच्या कामाची आहे, मी भंडाऱ्याले कुठं नेऊ. चुलीकडं तोंड करून बोलली. सारं भरलं आहे तिनं, ते पहिलं कार्ड, गादीवाल्याचं कॅलेंडर, बाहुल्या, तुझ्या सगळ्या फळ्या. तो अभ्रा तेवढा पेटीत टाकला नाही, उशाखाली ठेवला. म्हणून हे पत्र लिहायले बसली. नत्थू उद्या हे तुझ्या हातात देईल, पण पेटी मी त्याच्याजवळ देत नाही. उचलून पाहिली, एकट्याच्यानं उचलत नाही ती. एक कडी तू धर, दुसरी प्रेमिला धरील, मग कुठं न्यायची ते तुम्ही ठरवा. तुझ्या मनात नसंल तर नत्थूजवळ तसं सांग, मी रविवारी पाहुण्यांसाठी पोहे भिजवीन अन् पुन्हा तुझं नाव काढणार नाही. असंल तर रविवारच्या आधी ये. आईले संग आण, संत्रे आणू नको, इथं ढीग पडला आहे. अन् दारात आला का बाहेरूनच 'मी आलो' म्हण, चांगलं मोठ्यानं, मागाच्या खडखडाटावर ऐकू जाईल असं. पोट्टी आतमध्ये असंल. या खेपेले तिले ते बदलून वाचता येणार नाही.

तुझीच
(कोण, ते तू आल्यावर ठरवू)
बायजाबाई