रोल संपेपर्यंत

३ नोव्हेंबर

दोन कॅमेरे, पाच लेन्स, दिवे, स्टँड — सगळं बिऱ्हाड घेऊन बाबांच्या खोलीत शिरले. ते उशांना टेकून बसलेले. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय. म्हणाले, "म्हातारे, फोटो काढायला आलीस की ऑपरेशन करायला?" लहान असल्यापासून मला म्हातारेच म्हणतात.

डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, फुप्फुसांत आता काही राहिलेलं नाही. फार तर दोन-तीन आठवडे.

दादाचा परदेशातून फोन. "एक तरी नीट फोटो काढ त्यांचा. आपल्याकडे एकही नाही." खरंच नाही. जन्मभर स्टुडिओ चालवला, लोकांच्या हनुवट्या वर-खाली केल्या, स्वतः मात्र कधी कॅमेऱ्यापुढे बसले नाहीत.

४ नोव्हेंबर

लांब पल्ल्याच्या लेन्सने दारातूनच फोटो काढले. ढीगभर. एकातही बाबा नाहीत. कुणीतरी आजारी म्हातारा आहे. दिवा लावला की डोळे मिटून घेतात. राग आला. काढला आईवर.

५ नोव्हेंबर

बाबांनी सौदा केला. कपाटातून त्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा काढायला लावला. एकच लेन्स, झूम वगैरे काही नाही. फ्रिजमध्ये एकच रोल उरलेला. "ह्याने काढ. छत्तीस फोटो देतो तुला. रोल संपला की तू आपल्या कामाला जायचं आणि मला सुखाने मरू द्यायचं." आई ताडकन उठून आत गेली.

रोल भरायला त्यांनी हात पुढे केला. हात थरथरत होता. म्हटलं, "द्या, जमतं मला." फिल्मला हात लावून कित्येक वर्षं झाली, पण ते कबूल कोण करणार! फोटो मोजायचा काटा कधीचाच मोडलाय. म्हणाले, "डोक्यात मोज."

पहिला फोटो काढून रोल पुढे सरकवला. "अजून एक काढून सरकव बघू," म्हणाले. सरकवला. कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. चालू दे."

८ नोव्हेंबर

ह्या लेन्सने लांबून काहीच होत नाही. चेहरा हवा तर पलंगाला गुडघे टेकवून बसावं लागतं. बसले. त्यांच्या कानामागे तीळ आहे. मला माहीत नव्हता! स्टुडिओ बंद करून इतकी वर्षं झाली तरी नखं अजून पिवळी — डार्करूमच्या रसायनांनी.

तासभर नुसती बसले होते. ते स्टुडिओतल्या गोष्टी सांगत होते. एक बाई पासपोर्टच्या फोटोला नवऱ्याला बळेच शेजारी बसवायची, ती गोष्ट. मग खिडकीतला उजेड गालावर आला तेव्हा एक फोटो काढला. एकच.

आणि मजा आली. कामावर एका समारंभाचे दोन-तीन हजार फोटो काढते, त्यातला एकही आठवत नाही. आजचा डोळ्यांसमोरून हलत नाहीये. बाप असा पडलाय आणि पोरीला मजा येतेय. लाज वाटली. पण आली, हे खरं.

११ नोव्हेंबर

दोन काढले. एक हसताना, एक झोपेत.

१३ नोव्हेंबर

मोठ्या बॅगेची चेनसुद्धा उघडलेली नाही. आई म्हणाली, पलंगाखाली सरकव, पायात येते. सरकवली.

१४ नोव्हेंबर

सकाळी खोकल्यात रक्त पडलं. भांडं मी धरलं. आईने तोंड पुसलं. मी कॅमेरा लपवत होते. त्यांनी बोटाने खूण केली — काढ. काढला. हललाच असणार.

१६ नोव्हेंबर

साहेबांचा फोन. मोठं काम आलंय, कधी येतेस? म्हटलं, रोल संपला की. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मोजदाद कधीच चुकली. कुठल्या दिवशी एक, कुठल्या दिवशी पाच-सहा; तीस झाले असतील, जास्तही. बाबांना म्हटलं, फारच टिकला हो रोल. इतके हसले की खोकल्याने जीव घाबरा झाला. "जुना माल आहे. पुरवठ्याला येतो."

मग शांत झाले आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. हनुवटी नाही, पोज नाही, काही नाही. मला बघतात तसं बघितलं. मी बटण दाबलं. मिळाला! दादाला कळवलं — मिळाला तुझा फोटो.

१९ नोव्हेंबर

बाबा गेले. आई पाणी आणायला उठली तेवढ्यात. मी जवळच होते. कॅमेरा मांडीवर होता. उचलला नाही.

२३ नोव्हेंबर

कॅमेरा तसाच रोलसकट लॅबमध्ये नेला. लॅबवाला अंधाऱ्या खोलीतून लगेच बाहेर आला. म्हणाला, "ताई, रोल जागचा हललेलाच नाही. टोक भरतानाच निसटलंय. एकही फोटो उमटलेला नाही." वरची डावीकडची चावी दाखवली. फिल्म पुढे जात असली की ही फिरते. फिरत नसली की समजायचं.

बाबा स्टुडिओत नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवायचे. मी ऐकत मोठी झाले. आणि पंधरा दिवस ती चावी माझ्या नाकासमोर होती.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे." त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. रिक्षात बसून हमसून हमसून रडले. तो एक चेहरा. माझ्या हाताने घालवला.

२४ नोव्हेंबर

आईला सांगितलं. तिने मान हलवली. "ह्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी म्हटलं, अहो, सांगा ना पोरीला. तर म्हणाले, खबरदार सांगितलंस तर. रोल सरकला तर छत्तीसात संपेल आणि ही जाईल. बसू दे जवळ."