चष्म्याच्या दुकानातले फोटो कुणाचे

मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा फोटोग्राफी, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेलं, पूर्ण शुद्धीत आणि कुणी भरीस घातलेलं नसताना हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल आईला शंका आहे. "लग्न नाही, नोकरी नाही, आणि मृत्युपत्र कसलं करतोस रे?" आई, फोटो काढणारा गेला तरी फोटोवरचा कॉपीराइट कित्येक वर्षं जिवंत राहतो. तो कुणाच्या हाती जाईल हे मीच ठरवणार.

१. कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि ट्रायपॉड धाकट्या बहिणीला. लेन्स टी-शर्टने पुसायची नाही.

२. फोटोंच्या साइटवरचं माझं खातं आणि कलम ४ मधले सोडून बाकी सगळ्या फोटोंचा कॉपीराइटही तिलाच. छोटे, साइटला मी फोटो दाखवायची परवानगी दिली आहे, फोटो दिलेले नाहीत. दोरीवर वाळणारा माझा शर्ट शेजाऱ्यांना दिसतो, म्हणून तो घालून त्यांनी फिरायचं नसतं.

३. कॉलेजला काहीही नाही. वाचनालयाच्या जिन्याचा माझा फोटो त्यांनी साइटवरून उचलून माहितीपत्रकावर छापला, तोही नावाशिवाय. प्राचार्य म्हणाले, "अरे, जिना आपल्याच कॉलेजचा ना?" जिना तुमचा, सर, फोटो माझा. त्या दिवशी तो जिना उतरलो तो पुन्हा चढलो नाही. माझ्या निधनाची बातमी कॉलेजने लावलीच, तर फोटोची जागा रिकामी ठेवावी.

४. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिच्याबद्दल. माझ्या चष्म्याचा स्क्रू मीच सैल करायचो आणि घट्ट करून घ्यायला तिच्याकडे जायचो. "आज पुन्हा? नाकाने खिळे ठोकतोस की काय?" एकदा ती एक डोळा मिटून काच उजेडात बघत होती. तिला विचारून फोटो काढला, विचारूनच साइटवर ठेवला. नाक्यावरच्या मोठ्या दुकानाने तो तिथून घेऊन आपल्या फलकावर लावला. ही तिकडेही काम करते, असं समजून तिच्या मालकांनी तिला काढून टाकलं. आणि तिला वाटतं, मी तो विकला.

मोठ्या दुकानाचा मॅनेजर मला म्हणाला, "नेटवर होता भाऊ, म्हणजे सगळ्यांचाच. खाली तुझं नाव टाकतो, मग तर खूश?" मी शिडी लावून फलक उतरवला. त्यापायी चौकीत बसून आलो. पुन्हा लावला तर पुन्हा उतरवीन. तिच्या मालकांनाही खरं काय ते सांगून आलो. ती अजून माझा फोन उचलत नाही.

कायदा म्हणतो, चेहरा तिचा, पण फोटो माझा. मला हे मान्य नाही. तिचे सगळे फोटो मी साइटवरून काढले आहेत. मूळ फाइली आणि त्यांचा संपूर्ण कॉपीराइट तिला.

इथे मी अट लिहिली होती की त्या मोठ्या दुकानाला तिने फोटो कधीही देऊ नयेत. मामा वाचून म्हणाला, "हक्क देतोयस की पहारा बसवतोयस?" अट खोडली आहे. तिने फोटो पुसावेत, ठेवावेत, वाटलं तर त्याच दुकानाला द्यावेत. माझा जळफळाट होईल, होऊ दे. तिच्या निर्णयात कुणी तोंड घालायचं नाही. मीसुद्धा.

ठिकाण : गच्चीवरची माझी खोली
दिनांक : बाविसाव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस

सही : लिहिणारा

साक्षीदार : सायकलदुरुस्तीवाला मित्र
साक्षीदार : मामा. कलम ४ मधली खाडाखोड माझ्यासमोर झाली. पेन दोनदा खाली ठेवून, पण त्याने स्वतःच्या हाताने केली.